अफेजियासाठी टीएमएस की टीडीसीएस?

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या, म्हणजे अफेजिया झालेल्या रुग्णाला टीएमएस (मेंदूला चुंबकीय ठोके) आणि टीडीसीएस (मेंदूला मंद वीजप्रवाह) या दोन्हींपैकी कोणतेही यंत्र एकट्याने बोलते करत नाही. स्पीच थेरपी हवीच.

टीएमएसमध्ये डोक्यावर धरलेल्या कॉइलचे चुंबकीय ठोके चेतापेशींना प्रत्यक्ष चेतवतात. नेहमीची पद्धत अशी: उजव्या कपाळामागच्या, ब्रोका भागाच्या (मेंदूच्या डाव्या बाजूचे बोलण्याचे केंद्र) समोरासमोरच्या जागी सेकंदाला १ ठोका, २० मिनिटांत १२००, असे १० दिवस, आणि लगेच थेरपी. हेतू हा, की उजव्या बाजूचा अतिरेकी उत्साह आवरून डाव्या बाजूला वाव मिळावा. पण डावीकडची इजा मोठी असेल तर उजवी बाजूच भाषा सांभाळत असू शकते. तिला दाबणे धोक्याचे. कॉइल सेंटिमीटरभर सरकली तरी नेम चुकतो. क्वचित फिट येते. डोक्यात लोखंडी क्लिप किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र) असेल तर टीएमएस नकोच.

टीडीसीएसमध्ये डोक्यावर बांधलेल्या, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतून मंद वीजप्रवाह सोडतात. तो पेशींना चेतवत नाही, फक्त चेतण्याच्या जवळ आणतो. १ ते २ मिलीअँपिअर, २० मिनिटे, थेरपी चालू असतानाच. यंत्र लहान, स्वस्त. चुका स्पंजाच्या: कोरडा राहिला तर त्वचा भाजू शकते, मिठाचे पाणी ओघळले तर प्रवाह कातडीवरूनच निघून जातो. तेल लावलेल्या केसांनी रोध वाढतो, म्हणून आधी डोके धुवावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत १५ सत्रांनंतर वस्तूंची नावे सांगण्यात फायद्याचे संकेत दिसले. ते पक्का पुरावा नव्हेत.

एमआरआय पाहून नेमकी जागा ठरवणारे तज्ज्ञ असतील तर टीएमएस. रोज थेरपी होणार असेल आणि साधने मोजकी असतील तर, आमच्या मते, देखरेखीखाली टीडीसीएस.