८×३२ दुर्बीण: ऐन कामाच्या उन्हाळ्यात वापरून

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या मापाच्या, या दर्जाच्या दुर्बिणी बऱ्याच जणांच्या आहेत आणि मला बोलायचंय ते मापाबद्दल. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पक्षी बघायला दुर्बीण घ्यायची म्हटलं की जो तो ८×४२ सांगतो. पहाटे उठून फक्त पक्षीच बघायला जाणाऱ्याला ते ठीक आहे. पण ज्याची सकाळ नांगरटीत नि काढणीत जाते आणि दुपार दारं धरण्यात, त्याने ८×३२ घ्यावी.

पहिलं कारण वजन. ८×४२ साधारण पाऊण किलोच्या आसपास जाते, ८×३२ अर्ध्या किलोच्या. दुकानात हातात घेतल्यावर हा फरक किरकोळ वाटतो. खुरपायला वाकलात की कळतो, कारण दुर्बीण पुढे लोंबकळते आणि दर वेळी गुडघ्यावर आपटते. सोबत आलेला गळ्यातला पट्टा मी सरळ बाजूला ठेवला. अरुंद आहे, घामात काचतो. त्याऐवजी पाठीवर फुली येणारा हार्नेस लावला. वाकलं तरी दुर्बीण छातीला धरून राहते, आणि वरून ढगळा शर्ट घातला की धुळीपासूनही वाचते. मुख्य म्हणजे ती अंगावर असते. घरात खुंटीला टांगलेल्या भारी दुर्बिणीतून शेतात कुणी पक्षी पाहिल्याचं ऐकिवात नाही.

प्रकाशाचं म्हणाल तर हिशेब साधा आहे. ३२ ला ८ ने भागा, ४ येतात. म्हणजे डोळ्याकडे येणारा उजेडाचा ठिपका ४ मिलिमीटरचा. ८×४२ मध्ये तो सव्वापाचचा. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते, तेव्हा जादाचा उजेड आत शिरतच नाही. झुंजुमुंजूला आणि दिवेलागणीला मात्र मोठी दुर्बीण जिंकते. बांधावरून उठलेला रातवा पक्षी माझ्या दुर्बिणीत नुसता काळा आकार दिसतो, हे मान्य.

१०× का नको? तासभर फावडं मारल्यावर हात थरथरतात आणि दहापट मोठं दिसताना ती थरथरही दहापट होते. शिवाय दहा वाजून गेले की नांगरलेल्या रानावर झळा उठतात. त्या झळाही तितक्याच मोठ्या दिसतात. पडीक तुकड्यात धाविक पक्षी ढेकळांच्या रंगात मिसळून उभा असतो. तो हलल्याशिवाय सापडत नाही, आणि झळांमध्ये सगळंच हलतं. त्यापेक्षा ८× चं रुंद दृश्य बरं. ट्रॅक्टरमागे गायबगळ्यांची रांग चाललेली असते, डोक्या-मानेवर विणीच्या दिवसांतला तो केशरी रंग, आणि मधूनच कोतवाल सूर मारून त्यांच्या पुढ्यातला किडा उचलतो. तो कुठून येणार हे आधी कळत नाही. अरुंद दृश्यात नुसता बगळाच दिसत राहतो.

या दुर्बिणीचं सगळ्यात जास्त चीज झालं ते टिटवीच्या घरट्यामुळे. घरटं म्हणजे काय, उघड्या रानात उथळ खळगा, भोवती चार खडे आणि बहुधा चार अंडी, मातीच्या रंगाची, डागाळ. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. चालत शोधायला गेलं तर टिटवी भलतीकडेच जाऊन कलकलाट करते आणि आपण तिच्या मागे फिरतो. लांब बांधावर गप्प बसून दुर्बिणीतून ती परत कुठे बसते तेवढं बघायचं. बसताना ती पाय जरा फाकवते, अंग हलवून पोटाखालचं नीट करते आणि मगच खाली टेकते. ती जागा डोळ्यांनी धरून ठेवायची आणि चार हात लांब काठी रोवायची. ट्रॅक्टर तेवढं बेट सोडून वळतो. “वहिनी, अशी बेटं सोडत बसलो तर पाळी पुरी व्हायची कधी?” असं दीर कुरकुरतात, पण सोडतात.

मग दुपारी सरीला पाणी सोडलं की तीच टिटवी येते, पाण्यात बसते, पोटाची पिसं भिजवते आणि ओलेत्यानेच अंड्यांवर जाते. ऊन जास्त असलं की अंडी गार ठेवण्याची तिची ही रीत. दुर्बीण साधारण २ मीटरपर्यंत जवळचं टिपते, त्यामुळे पुढचं दारं मोडेपर्यंत सरीतले चतुरही बघून होतात.

आता तक्रारी. डायॉप्टरची कडी, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची कडी, लॉक होत नाही. दिरांनी बघून परत दिली की माझ्या उजव्या डोळ्याचं बिघडलेलं असतं, पुन्हा जुळवेपर्यंत पक्षी पसार. भिंगाची पुढची झाकणं सैल आहेत, त्यातलं एक रानात कुठेतरी पुरलं गेलंय. मळणीच्या दिवसांत भुस्सा फोकसच्या चाकात शिरतो आणि चाक करकरतं. पाण्याला मात्र ती खरी उतरली. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची खात्री, आणि आत नायट्रोजन भरलेला, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. भिंगावरची धूळ पदराने पुसू नका. आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी, नाहीतर बारीक वाळू भिंगाला ओरखडे काढते. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येही ठेवू नका. हादऱ्यांनी दोन नळ्यांचा मेळ जातो आणि मग एकाचे दोन पक्षी दिसतात, डोकं दुखतं ते वेगळंच.

नोंदींसाठी मी ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं अ‍ॅप वापरते, रेंज नसतानाही मोबाइलवर लिहून ठेवता येतं. काम करता करता दिसलेलं ‘इन्सिडेंटल’ म्हणून टाकायचं. पाण्याची वाट बघत एका जागी बसून जे बघितलं त्याची मात्र वेळ लावून पूर्ण यादी करायची.

चष्मा लावत असाल तर घेण्याआधी आय रिलीफ बघा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर. १५ मिलिमीटरच्या खाली असेल तर सोडा, दृश्याच्या कडा कापल्या जातात. त्यासाठी ८×४२ घ्यावी लागली तर घ्या, पण हार्नेससकट.