घरातला टीव्ही काढल्यावरचा आमचा अनुभव (लातूर, एकत्र कुटुंब, दोन लेकरं)

बऱ्याच जणांनी विचारलं, टीव्ही काढलात म्हणे, कसं चाललंय, लेकरं राहतात का, म्हातारी माणसं काय म्हणतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहायलेय. दिवाळी झाल्या झाल्या काढला, आता आषाढ लागायलाय, म्हणजे हिवाळा, उन्हाळा अन् लेकरांची सुट्टी एवढं सगळं त्यात येऊन गेलं. घरात आम्ही सहा जण. सासू-सासरे (मी आत्या अन् मामा म्हणते), आम्ही दोघं, मुलगा चौथीला अन् मुलगी अंगणवाडीत. ह्यांचं मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) आडतीचं दुकान आहे, मामा गावाकडची शेती बघतात.

आधीच सांगते, टीव्ही काढला ते चांगलंच झालं असं माझं ठाम मत आहे. पण सगळे जे म्हणतात ना की लेकरांसाठी काढा, ते मला अर्धंच वाटतं. लेकरांचं आठ-पंधरा दिवसात जमून जातं. खरा प्रश्न घरातल्या थोरल्या माणसांचा आहे, त्यांच्या संध्याकाळची सोय आधी लावली तरच हे टिकतं, नाहीतर महिनाभरात टीव्ही परत भिंतीवर जातो, आमच्या नात्यातच दोन घरी असं झालेलं बघितलंय.

आमच्याकडं आधी कसं होतं तर संध्याकाळी सातला आत्यांच्या मालिका सुरू, साडेनऊ-दहाला मामांच्या बातम्या, त्यांना थोडं कमी ऐकू येतं म्हणून आवाज एवढा की गल्लीत ऐकू जायचा. जेवायला कधी बसायचं ते मालिका ठरवायची. जाहिराती लागल्या की मी भाकरी टाकायची, मालिका परत सुरू झाली की सगळे ताट घेऊन तिकडं तोंड करून बसायचे, हे दुकानातून थकून आलेत का, पोराचं शाळेत काय झालं, कोणी कोणाला विचारायचं नाही. वाईट कोणीच नव्हतं घरात, पण बोलायला जागाच राहिली नव्हती.

अन् मुलीचं जेवण, ते मला सगळ्यात जास्त खटकायचं. कार्टून लागल्याशिवाय तोंड उघडायची नाही अन् लागलं की कितीबी भरवा, नजर तिकडं, मी घास नेला की तोंड आपोआप उघडणार, वरण आहे का भाजी आहे का नुसता भात आहे तिला पत्ताच नसायचा. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सूचना काढल्यात, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नका अन् दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसात एक तासाच्या वर नको, तेबी जितकं कमी तितकं चांगलं. आमच्याकडं तो तास नुसत्या दुपारच्या जेवणात संपायचा. टीव्ही काढल्यावर पहिले काही दिवस ती खरंच कमी जेवली, रडली, ताट ढकललं, आत्या म्हणायच्या लेकरू वाळायलंय, लाव गं बाई थोडा वेळ मोबाईल तरी. मी नाही लावला. मग एक दिवस स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीत बुडवला, चाटला, तिखट लागलं म्हणून डोळ्यात पाणी आलं अन् परत बुडवला. आता तिला आवडनिवड आहे, मेथी नको म्हणते, धपाटं दही घालून पाहिजे म्हणते, पोट भरलं की भरलं म्हणून सांगते. जेवण लवकर होत नाही, सांडलवंड लई होते, पण खाती ती स्वतः.

मुलाचं सांगण्यासारखं फार नाही. सुरुवातीला शेजारी जायचा, नंतर गल्लीत खेळायला लागला, सायकल, क्रिकेट. बालभारतीचं किशोर मासिक (१९७१ पासून निघतं) लावलं, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात, सुट्टीत ते आम्ही दोघांनी मिळून वाचले. अभ्यासात एकदम पहिला नंबर वगैरे काही आला नाही, तशी अपेक्षा ठेवून कोणी टीव्ही काढू नये.

आता आत्यांचं. त्या दिवसभर घरात असतात, गुडघे दुखतात, लांब चालवत नाही. त्यांच्यासाठी मालिकेतली माणसं म्हणजे रोज सात वाजता घरी येणारी माणसं होती, हे मला टीव्ही काढायच्या आधी कळलं होतं म्हणूनच मी घाई केली नाही, दसऱ्यापासून त्यांच्याशी बोलत होते. त्या म्हणाल्या, "काढ, पण मी सात वाजता काय करू ते सांग." एवढा साधा प्रश्न, अन् त्याचं उत्तर घरात कोणाकडंच नव्हतं. ज्यांना टीव्ही काढायचाय त्यांनी ह्या प्रश्नापासून सुरुवात करा बघा.

आम्ही काय काय केलं ते सांगते. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप टाकून त्याला एक छोटा स्पीकर जोडून दिला, मराठी केंद्रं लागतात त्यावर, जुनी गाणी, कीर्तन, बातम्या. त्यांना मोबाईलमधलं शोधायला जमत नाही म्हणून मुलगा लावून देतो, ते त्याचं रोजचं काम झालंय. गल्लीच्या टोकाला विठ्ठल मंदिर आहे, तिथं संध्याकाळी बायका हरिपाठ म्हणतात, हे रोज आत्यांना गाडीवर सोडून येतात अन् परत कोणीतरी आणतं. सुरुवातीला ओळख नाही म्हणून नको नको म्हणायच्या, आता त्यांच्या तिथं दोघी-तिघी मैत्रिणी झाल्यात. अन् एक मालिका त्यांना सोडवतच नव्हती, तर ती बघायला त्या समोरच्या घरी जायच्या, अजूनबी कधी कधी जातात, मी अडवत नाही. अर्धा तास बघून, त्या वहिनींसोबत चहा घेऊन, बोलून येतात. एकट्यानं तीन तास बघण्यापेक्षा हे लई चांगलं.

तरीबी पहिला महिना जड गेला, हे लपवणार नाही. टीव्ही काढला त्या भिंतीवर चौकोनी जागा पांढरी राहिलेली, बाकी रंग मळका, स्क्रूची चार भोकं, अन् आत्या सवयीनं त्याच्यासमोरच बसायच्या. मग आम्ही त्यांची गादीच खिडकीकडं सरकवली, तिथून गल्ली दिसते. येणारा जाणारा "काय करायलाव काकू" म्हणून दोन मिनिटं थांबतो. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही गादी आहे. भिंत रंगवायला पैसे लागतात, गादी सरकवायला काय लागतं.

वेळाअमावस्येला (शेतात पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण) शेतात गेलो तेव्हा मला पहिल्यांदा फरक जाणवला. आधी आंबील-भज्जी झाली की चारपासून आत्यांची घाई सुरू व्हायची, चला लवकर, आज काहीतरी मोठं दाखवणार आहेत म्हणून. यंदा कडब्याच्या कोपीपाशी अंधार पडेपर्यंत बसल्या, त्यांच्या माहेरी औश्याकडं वेळाअमावस्या कशी असायची, किती माणूस जेवायचं, ते सगळं सांगत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली पण ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

मामांचा विषय वेगळा. त्यांना बातम्या पाहिजेत, त्यातल्या त्यात पाऊस अन् भाव. पण चॅनलवर सोयाबीनचा भाव कुठं सांगतात, तिथं चार माणसं भांडायलेत हेच चालू. भाव तर हे दुकानातूनच रोज सांगतात. पावसासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो दर मंगळवारी अन् शुक्रवारी, तो व्हाट्सॲपवर मिळतो, जिल्ह्याप्रमाणे असतो, फवारणी करा, थांबा, काढणी उरका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, मी मोठ्यानं वाचून दाखवते. अन् पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप, आसपास वीज पडायची शक्यता असली की इशारा देतं. वैशाखात अवकाळी आला तेव्हा मामांनी त्यावर बघून सालगड्याला फोन लावला, "अरे बैलं झाडाखाली कामून बांधलीस, सोड आधी अन् तूबी तिथं थांबू नको." शेती असेल तर हे ॲप घ्याच, मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं अन् जनावरं जातात. बाकी सकाळी पेपर येतो, मामा तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. बातम्या बघून रात्री त्यांची जी चिडचिड व्हायची ती कमी झालीय. बीपीची गोळी आहे तीच आहे, उगीच गोळी बंद झाली असं मी सांगणार नाही.

मोबाईलचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात अन् बरोबरच विचारतात. टीव्ही काढून हातात मोबाईल दिला तर काढलाच कशाला. आमच्याकडं साडेसात ते साडेनऊ सगळे मोबाईल फ्रीजवर, रिंग चालू, फोन आला तर उभं राहून बोलायचं अन् परत ठेवायचा. मोंढ्यातले फोन येतात, ते टाळता येत नाहीत. ह्यांना हे सगळ्यात अवघड गेलं, अजून जातंय. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो अन् दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. आपल्या धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यात जकेकूरवाडीतबी असाच उपक्रम केलाय. ह्यांना त्या गावाचंच उदाहरण दिलं, की अख्खं गाव ठेवू शकतं तर आपण सहा माणसं नाही का.

पैशाचं सांगायचं तर २०१९ ला चॅनलप्रमाणे पैसे द्यायचा नियम आला तेव्हा नुसती नेटवर्क फी १३० रुपये अन् वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, चॅनलचे पैसे वेगळे. आमचं रिचार्ज त्याच्या बरंच वर जायचं, ते वाचलं. लाईट बिलात फार मोठा फरक नाही. आमचा ३२ इंची एलईडी साधारण ५० वॅटचा, रोज सहा तास धरा तर महिन्याला नऊ युनिट, अन् सेटटॉप बॉक्स बटण बंद न करता ठेवला तर १० वॅटनं सात-एक युनिट तोच खातो. ज्यांचा वापर १०० युनिटच्या आसपास आहे त्यांना हे जाणवेल कारण १०० च्या वरच्या युनिटचा दर बराच जास्त आहे. ज्यांना काढायचाच नाही, फक्त खर्च नकोय, त्यांनी डीडी फ्री डिश बघावं, एकदा बसवलं की महिन्याचं रिचार्ज नाही, सह्याद्री दिसतं त्यावर. पण त्यानं आमचा प्रश्न सुटला नसता.

भारताची मॅच असली की हे दुकानाशेजारी बघून येतात, पोरगाबी जातो सोबत. ते चालतं आम्हाला.

टीव्ही विकला नाही, माळ्यावर कपड्यात गुंडाळून ठेवलाय. विकायचा का ठेवायचा हे आत्यांनी ठरवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय, कारण सगळ्यात जास्त त्यांनीच सोडलंय. मध्यंतरी नणंदबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या द्या मला, तर आत्या म्हणाल्या "राहू दे, बघू."

काढायचाच असेल तर दिवाळीनंतर काढा असं माझं सांगणं. थंडीत संध्याकाळी माणसं बाहेर बसतात, हुरडा असतो, पाहुणे असतात, दिवस बरे जातात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जातो तेव्हाबी काही वाटत नाही, फक्त दुपार मोठी जाते, आम्ही कुरडया-शेवयात काढली. पावसाळा आमचाबी पहिलाच आहे. चिखलात आत्यांना मंदिरात नेता येणार नाही, म्हणून हरिपाठाच्या बायकांनाच आठवड्यातून दोनदा आमच्याकडं बोलवायचं ठरलंय, पुढची खोली मोकळी करायलोत, पोरासाठी कॅरम आणलाय. कोणाच्या घरी थोरल्या माणसांसाठी पावसात याहून वेगळं काही जमलं असेल तर मला नक्की सांगा.