दोन मीटरचा फोमचा ग्लायडर: दिवाळी ते मे, आणि दोन चुंबकांचं प्रकरण

दिवाळीत घेतलेल्या माझ्या रिमोटवरच्या ग्लायडरची कॅनॉपी (बॅटरीवरचं झाकण) सुटी मिळत नाही म्हणे. विक्रेता म्हणतो, "सर, पूर्ण फ्यूजलाज घ्यावं लागेल," म्हणजे विमानाचं अख्खं धड. किंमत ५,२०० रुपये. अख्खा ग्लायडर साडेसतरा हजारांचा, त्यात तळहाताएवढा फोमचा तुकडा मार्चमध्ये उडून कुणाच्या तरी एरंडात पडला, म्हणून मी जवळजवळ तिसरा हिस्सा विमान परत विकत घ्यायचं? वॉरंटीचं विचारलं तर "क्रॅश डॅमेज कव्हर नाही." क्रॅश झालाच नव्हता हो! विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.

स्पेसिफिकेशन थोडक्यात: ईपीओ (थर्माकोलपेक्षा चिवट) फोम, थ्री-सेल लायपो (लिथियम) बॅटरी, मोटर बंद केली की मिटणारा फोल्डिंग प्रॉप (पंखा), पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारे फ्लॅप. म्हणून थेट चुंबकांवर येतो. कॅनॉपी पुढे खाचेत बसते आणि मागे दोन छोट्या चुंबकांनी धरलेली असते. चुंबकं जोरकस, पण त्यांना फोममध्ये बसवणारा गोंद गरम करून लावायचा, म्हणजे उन्हात परत मऊ होणारा. बॅटरी बदलायला कॅनॉपी उचलली की चुंबक आपल्या जोडीदाराला चिकटून फ्यूजलाजमध्येच राहतं आणि कॅनॉपी रिकामी हातात येते. हे कळलं नाही की ती पुढच्या उड्डाणात वाऱ्याने निघते. नुसती शोभा गेली असती तर चाललं असतं. पण आत पावणेदोनशे ग्रॅमची बॅटरी फक्त वेल्क्रोवर असते. ती दोन बोटं मागे सरकली की सीजी (गुरुत्वमध्य) मागे, नाक वर, स्टॉल (पंखांची उचल जाऊन विमान कोसळतं). माझा कसाबसा सरळ करून उतरवला.

उपाय स्वस्त आहे. चुंबकाची गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरने खरवडा, आरल्डाइट लावा, रात्रभर ठेवा. घाई असेल तर फेविक्विकही चालतं, ईपीओ त्याने विरघळत नाही (साधा थर्माकोल विरघळतो). उचलायला टेपची शेपटी लावा आणि वरून रबरबँड. माझी नवी कॅनॉपी थर्माकोलच्या पॅकिंगमधून कोरलेली आहे. दिसते भयंकर, पण पैसे शून्य. साडेसतरा हजार घेताना कंपनीला दहा रुपयांचं इपॉक्सी परवडू नये?

आता उडण्याबद्दल. डिसेंबरात मी सगळ्यांना सांगत होतो की मोटर कमजोर आहे, वर नेऊन बंद केली की चार-पाच मिनिटांत खाली येतो. ते मत मागे घेतो. फेब्रुवारीच्या शेवटी कपाशी निघाली आणि वडोदऱ्याजवळ पाद्र्याच्या पुढची काळी जमीन उघडी पडली. कानम पट्ट्याची ती माती कोरडी झाली की उन्हात तापते आणि अकराच्या सुमारास थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत) सुटायला लागतात. घारी कुठे घिरट्या घालतात ते पाहा, ग्लायडर तिकडे न्या. एक पंख आपोआप उचलला गेला की त्याच बाजूला वळा. तिथून पुढे बॅटरी फक्त रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) आणि सर्व्होंना (फ्लॅप, शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लागते. प्रॉप मिटलेला पाहून शेतमालक काका धावत आले, "मोटर बंध थई गई, साहेब?" त्यांना म्हटलं, बंद केलीय, आता फुकट चाललंय. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचं तत्त्व हेच, तिथे वर न्यायला विंच असते एवढंच.

फक्त फुकटातही कात्री आहे. वडोदऱ्याच्या हरणी विमानतळाचा यलो झोन (उडवायला परवानगी लागणारा भाग) १२ किलोमीटरपर्यंत, म्हणून शहरापासून इतकं लांब यावं लागतं. पेट्रोल धरा. डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी वेबसाइटवर नकाशा बघूनच निघा. परवानगी न लागणाऱ्या ग्रीन झोनमध्येही मर्यादा १२० मीटर. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटची (मॉडेलच्या सरकारी प्रमाणपत्राची) सूट आहे, उंचीची नाही. चांगला थर्मल सापडला की व्हॅरिओ (चढ-उतार सांगणारं यंत्र) आनंदाने पिंपिं करतो आणि आपण फ्लॅप टाकून त्याला खाली ओढायचं. कमावलेली उंची अशी फेकताना माझा जीव तुटतो. फ्लॅप मात्र अप्रतिम आहेत, नाक न डुबवता लिफ्टसारखा उतरतो. या किमतीत याची अपेक्षा नव्हती.

उत्तरायणच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आसपास उडवूच नका. वासी उत्तरायण (त्याचा दुसरा दिवस) संपली तरी मांजा झाडांवर, तारांवर लटकलेला असतो, आणि फोमच्या पंखाची कड त्याच्यापुढे काहीच नाही.

बंद गाडीत ठेवू नका, पंखावर फोड येतात. रेडिओ (हातातला रिमोट) आधीच असेल तर रिसीव्हरशिवायचा सेट घ्या, बराच स्वस्त पडतो. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या, कॅनॉपी सुटी मिळते की नाही. मला मिळालेलं ताजं उत्तर: "स्टॉक आल्यावर कळवू."