दांडिया बाजारातला आजारपणाच्या इंग्लिशचा क्लास, आईला घेऊन गेले त्याचा अनुभव

बडोद्यात ज्यांची मुलं बाहेर आहेत आणि जे अधूनमधून तिकडे जाऊन दोन-चार महिने राहतात त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण अशा क्लासबद्दल कुठे नीट माहिती मिळत नाही. दांडिया बाजारात एक रिटायर्ड टीचर मॅडम फक्त आजारपणाचं इंग्लिश शिकवतात. म्हणजे ग्रामर नाही, "हाऊ आर यू" नाही, डॉक्टरसमोर बसल्यावर काय सांगायचं आणि डॉक्टर बोलतो त्याचा अर्थ काय, बस एवढंच. ८ आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी, फी ३००० आणि त्यातच छापील नोट्स. बॅचमध्ये अर्धे मराठी, अर्धे गुजराती, त्यामुळे मॅडम दोन्हीत समजावतात. माझा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, आई उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणार म्हणून तिला घातलं, आणि ने-आण मलाच करायची होती तर मीही मागे बसायला लागले, मॅडमनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात भारी शिकवतात ते दुखणं कसं सांगायचं. आपण घरी ठणकतंय, चमक निघते, आग होते, मुंग्या आल्या असं किती बारीक सांगतो, आणि इंग्लिशमध्ये बोलायची वेळ आली की सगळ्याला मिळून एकच "पेन". इथे थ्रॉबिंग, शूटिंग, बर्निंग, पिन्स अँड नीडल्स हे सगळं येतं पण पाठांतर नाही, एकेकाला समोर खुर्चीत बसवतात आणि मॅडम स्वतः डॉक्टर होतात. आईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली "फीलिंग अनइझी". मॅडम म्हणाल्या व्हेअर, आईने छातीच्या मधोमध हात ठेवला. सिन्स व्हेन? कायम असतं की येतं-जातं? जिना चढल्यावर वाढतं की जेवल्यावर? मग आई मराठीत सुरू झाली की जेवून आडवं पडलं की इथे जळजळतं आणि घशाशी आंबट येतं, आणि मॅडमनी तेच एकेक वाक्य करत इंग्लिशमध्ये तिच्याच तोंडून काढून घेतलं, "हार्टबर्न आफ्टर मील्स, वर्स व्हेन आय लाय डाऊन". आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपण सर्रास म्हणतो ते "लूज मोशन", "गॅस झालाय" तिकडच्या डॉक्टरला लगेच कळेलच असं नाही, म्हणून तेही सुधारून घेतात. आणि एक गोष्ट मॅडम पुन्हापुन्हा सांगतात की छातीत दाबल्यासारखं वाटतंय, घाम सुटलाय, हातात किंवा जबड्यात दुखणं जातंय तर वाक्य जुळवत बसायचं नाही, "चेस्ट पेन" एवढं बोलायला सरळ ९९९, म्हणजे तिकडचा इमर्जन्सीचा नंबर, लावायचा.

आकड्यांचं एक सेशन आहे ते पण कामाचं. आपला १०१ ताप म्हणजे तिकडे ३८.३, शुगर १८० असेल तर तिकडचं मशीन १० दाखवतं (आपल्या आकड्याला १८ ने भागायचं), इमर्जन्सी नसेल तर १११ वर फोन, आणि जीपीच्या (म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यालाच तिकडे "सर्जरी" म्हणतात, ते ऐकून घाबरायचं नाही. डोलो, क्रोसिन ही नावं सांगून उपयोग नाही, पॅरासिटामॉल म्हणायचं, अमेरिकेत असाल तर अॅसिटामिनोफेन.

पण मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते काळजीवाल्या सेशनमुळे. मामाला अटॅक आल्यापासून आईने धसका घेतलाय, सारखं बीपी मोजायचं, रिपोर्ट आला की आधी मोबाइलवर शब्द शोधायचे आणि मग रात्रभर जागायचं. मॅडमनी सगळ्यांना आपापल्या जुन्या रिपोर्टच्या झेरॉक्स आणायला सांगितल्या आणि त्यातले घाबरवणारे शब्द फळ्यावर लिहिले. सोनोग्राफीत "अनरिमार्केबल" लिहिलंय म्हणजे नॉर्मल आहे, "बिनाइन" म्हणजे कॅन्सर नाही, "क्रॉनिक" म्हणजे खूप वाढलेला आजार नाही, बरेच दिवसांपासून असलेला. आणि डॉक्टर "टू रूल आऊट अ क्लॉट" म्हणाला तर रक्ताची गाठ सापडलेली नसते, ती नाही ना याची फक्त खात्री करायची असते. आई त्या "क्लॉट"लाच धरून बसली असती हे मला पक्कं माहितीये. त्या दिवशी वर्गातल्या कितीतरी जणांचे खांदे खाली आले, अगदी दिसत होतं.

ही गडबड आपलीच होते असं नाही. नोट्समध्ये एक पान पोलंडच्या लोकांसाठीच्या यादीवरून घेतलंय, त्यांच्याकडे "अँगिना" म्हणजे टॉन्सिल सुजून घसा दुखणं, आणि तोच शब्द इंग्लंडमध्ये हृदयाच्या दुखण्याचा, म्हणजे घसा धरलेला माणूस कुठल्या कुठे पोचायचा बघा!

पुढे मॅडम असंही म्हणाल्या की अशी काळजी करणाऱ्याला घरातल्यांनी "हायपोकाँड्रिअॅक" (सारखी आजाराची धास्ती घेणारा) म्हणून उडवून लावायचं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी २०१३ मध्ये डीएसएम-५ हे मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक काढलं तेव्हा हायपोकाँड्रिया हे निदानाचं नावच काढून टाकलं, आता इलनेस अँक्झायटी डिसऑर्डर आणि सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर म्हणतात, आणि त्यावर सीबीटीसारखी (बोलून विचारांची आणि वागण्याची सवय बदलायची) ट्रीटमेंट आहे. अर्थात कोणाला काय झालंय हे मॅडम सांगत नाहीत, ते डॉक्टरचं काम. त्या फक्त वाक्य देतात, "माय टेस्ट्स आर नॉर्मल बट आय कान्ट स्टॉप वरीइंग". आईने ते वहीत लिहिलं आणि घरी आल्यावर मला म्हणाली, हे मी आपल्या इथल्या डॉक्टरांनाच आधी सांगू का गं? पुढच्याच आठवड्यात आम्ही गेलो, ती स्वतः बोलली, मराठीतच, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

आता जे नाही आवडलं ते. क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उंच, गुडघेदुखीवाल्या लोकांचा क्लास असून ही सोय नाही हे मला अजिबात पटलं नाही, खाली एखादी खोली भाड्याने बघायलाच पाहिजे. नोट्सचा टाइप बारीक आहे, आईला भिंग लागलं. ऐकण्याची रेकॉर्डिंग सगळी एकदम स्वच्छ इंग्लिशमधली, प्रत्यक्षात फोनवर रिसेप्शनिस्ट भराभर बोलते त्याची सवय यातून होत नाही, मी भावाला रोज पाच मिनिटं इंग्लिशमध्ये फोन करायला लावला तेव्हा आईचा कान तयार झाला. इन्शुरन्सवाल्यांशी कसं बोलायचं हा भाग शेवटी घाईत उरकला, तो खरं तर पूर्ण एक दिवस हवा होता. आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानेच जा.

नर्सिंगवाल्या मुलींनी मात्र ओईटीची (परदेशात काम करण्यासाठी नर्स-डॉक्टरांना द्यावी लागणारी इंग्लिशची परीक्षा) तयारी होईल म्हणून इथे येऊ नका, त्या परीक्षेत रेफरल लेटर वगैरे लिहावं लागतं आणि ते इथे शिकवत नाहीत, मॅडम पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगतात. आई-बाबा, सासू-सासरे यांच्यासाठी असेल तर डोळे मिटून घाला, आणि जमलं तर स्वतःही सोबत बसा. पहिल्या दिवशी जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घेऊन जा, प्रॅक्टिस सगळी त्याच्यावरच होते.