सर्टिफिकेट खरं होतं, हिरा दुसराच

चार महिने कुणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. आता राग जास्त झालाय, म्हणून लिहितोय.

साखरपुड्याच्या अंगठीसाठी पाच महिन्यांचा पगार मोजला. त्यातले 40 टक्के रोख, कारण रोखीवर 12 टक्के सूट होती. मी डोळे झाकून गेलो नव्हतो. तीन दुकानं फिरलो, सर्टिफिकेट मागितलं. ते जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं होतं, वजन 1.01 कॅरट. नंबर दुकानातच उभं राहून जीआयएच्या साइटवर टाकून पाहिला, तर अक्षर न् अक्षर जुळलं. सोन्यावर 750 चा शिक्का होता आणि सोनं खरंच 18 कॅरट निघालं. अजून काय तपासायचं होतं माणसानं?

तपासायचं होतं. हिऱ्याच्या कडेवर तोच नंबर लेझरने कोरलाय, असं त्याच सर्टिफिकेटवर लिहिलं होतं. मी म्हणालो, "भिंगातून दाखवता का?" भिंग दुकानदाराच्या हातातच होतं. तो म्हणाला, "सेटिंगमध्ये कड झाकली गेलीय, आता दिसणार नाही." अंगठी माझ्या डोळ्यांसमोर होती. चार बारीक पंजे आणि मधे सगळी कड उघडी! चारही बाजूंनी पट्टीत बसवलेला खडा असता तर कड झाकली गेली असती. हे मला दिसत होतं, तरी मी मान डोलावली. तो गोड बोलत होता, चहा सांगितला होता, आणि आपण संशयी दिसू नये असं वाटलं. रात्री झोप लागत नाही ती त्या एका मिनिटामुळे.

अंगठी सैल झाली म्हणून माप कमी करायला दुसऱ्या सराफाकडे नेली. त्याने ती भिंगाखाली तिरकी केली आणि मलाही बघायला दिलं. आत एका रेषेवर नारिंगी चमक, जरा फिरवली की जांभळी. "याला मी आच देणार नाही," तो म्हणाला. "चीर काचेसारख्या पदार्थाने भरलीय, आचेने भरण बाहेर येईल." कडेवर नंबर नव्हता. व्यास भरला 5.9 मिलिमीटर, सर्टिफिकेटवर 6.43 ते 6.46. म्हणजे हिरा पाऊण कॅरटच्या आसपासचा. आणि चीर भरलेल्या हिऱ्याला जीआयए प्रतवारीचं सर्टिफिकेट देतच नाही. कागद खरा, पण दुसऱ्याच हिऱ्याचा.

दुकानदार म्हणतो, तुम्हीच खडा बदललात. "नातं टिकावं म्हणून" 30 टक्के परत देतो म्हणाला, तेही दुसरा दागिना घेतला तर. पोलिसांनी दीड तास बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक तक्रारीकडे जा. तिथे गेलो तर पावती बघून म्हणाले, यावर "हिऱ्याची अंगठी, 1 नग" एवढंच आहे. वजन नाही, सर्टिफिकेट नंबर नाही, रोख दिलेल्या रकमेचा उल्लेख नाही. हाच खडा विकला याचा पुरावा आणा. कुठून आणू? लॅबचा रिपोर्ट स्वखर्चाने आणला, तर म्हणाले यावरून खडा कसला ते कळतं, कुणी दिला ते नाही. तीन खेपा झाल्या, दर वेळी वेगळी खिडकी आणि तेच प्रश्न. खोटं बोलणारा दुकानात निवांत बसलाय आणि मी रजा टाकून रांगेत उभा. फसवणारा मी आहे की तो?

पावतीवर सर्टिफिकेट नंबर, कॅरट आणि सोन्याची शुद्धता लिहून घ्या. लिहीत नसेल तर उठा. रोखीची सूट नको म्हणा, ती सूट मला सगळ्यात महाग पडली. जमलं तर हिरा सुटा बघा, वजन करून घ्या, मग बसवायला द्या आणि बसवल्यावर नंबर पुन्हा बघा. पेनासारखं टेस्टर टेकवून "बीप" ऐकवतात त्यावर जाऊ नका. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यावरही ते वाजतं, कित्येकदा हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉयसनाइट खड्यावरही. पैसे पूर्ण देण्याआधी दुसऱ्या सराफाला दाखवायची मुभा मागा. माझी मागायची हिंमत झाली नव्हती.

ज्यांची अंगठी आधीच बोटात आहे, त्यांनी सर्टिफिकेट काढा, कडेवर नंबर कोरल्याचं लिहिलंय का बघा, आणि दहापट भिंग घेऊन तो शोधा. परतीची मुदत संपायच्या आत.