नट आधी मोजा: रिस्टोअर केलेली १९६६ ची ईएस-३३५

गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये ईएस-३३५ ही अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार आणली ती एका सरळ गरजेपोटी. पोकळ गिटारचा भरदार आवाज हवा, पण अँप (ध्वनिवर्धक) वाढवला की त्याचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी फीडबॅकची शिट्टी नको. म्हणून मेपल-पॉपलर-मेपलच्या थरांची कमानदार बॉडी, मधोमध मेपलचा ठोकळा, ठोकळा आणि कमान यांमधली फट भरायला स्प्रूसच्या पट्ट्या, आणि दोन्ही बाजूंचे पंख पोकळ. हा ढाचा १९६६ च्या गिटारमध्येही तसाच आहे. बदललं ते त्याच्या भोवतीचं: १९६५ च्या सुमारास नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीची) रुंदी ४२.९ मिमीवरून ३९.७ मिमीवर आली, तारांची खालची टोकं धरणारी, ठोकळ्यात स्क्रूने पक्की बसणारी स्टॉप टेलपीस जाऊन झुलती ट्रॅपीझ आली आणि निकेलच्या जागी क्रोम दिसू लागलं.

सव्वातीन मिलीमीटर कागदावर किरकोळ वाटतात. या रिस्टोअर केलेल्या गिटारच्या नटवर जाड ई तार ते पातळ ई तार हे अंतर ३३ मिमीच्या आसपास भरतं, म्हणजे प्रत्येक दोन तारांमधली जागा अर्ध्या मिलीमीटरहून जास्त कमी. मोकळ्या ए आणि डी कॉर्डमध्ये बोटाचा गुबगुबीत भाग शेजारच्या तारेला लागतो आणि ती तार मुकी होते. पाचव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) पुढे हा त्रास जाणवत नाही. जाड बोटांच्या वादकाने आवाज ऐकून हुरळण्याआधी पहिल्या तीन फ्रेटवर दहा मिनिटं कॉर्ड धरून पाहावेत, कारण ही गोष्ट कुठलाही कारागीर दुरुस्त करू शकत नाही.

त्यातल्या त्यात जे शक्य होतं ते या गिटारवर नेटकं झालंय. जुने फ्रेट घासून सपाट झाले होते, ते काढून २.५ मिमी रुंद आणि १.१ मिमी उंच फ्रेटची तार बसवली आहे. फॅक्टरीत फ्रेटच्या टोकाला बाइंडिंगचाच (नेकच्या कडेच्या प्लास्टिक पट्टीचाच) छोटा उंचवटा ठेवत. नव्या फ्रेटची टोकं बाइंडिंगवरून पुढे नेली आहेत, त्यामुळे तो उंचवटा गेला. मूळपणाचे आग्रही यावर नाक मुरडतील, पण अरुंद नेकवर हाच निर्णय बरोबर आहे: दाबायला जास्त रुंदी मिळते. टोकांचा उतारही उभा ठेवलाय. तो जास्त तिरपा घासला असता तर व्हायब्रॅटो करताना (बोटाने सूर हलवताना) पातळ ई कडेवरून खाली घसरली असती. नवा नट हाडाचा आहे. ‘जी’ तारेची खाच मात्र थोडी घट्ट राहिली आहे, सूर लावताना ‘टिंग’ करून तार उडी मारते. खाचेत पेन्सिलीचं शिसं फिरवलं तर तात्पुरतं भागतं, खरा उपाय योग्य मापाची कानस.

ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, मूळचा, एबीआर-१ प्रकारचा. या ब्रिजचा जुना आजार म्हणजे वर्षानुवर्षांच्या दाबाने तो मध्ये खचतो, ‘डी’ आणि ‘जी’ तारा खाली जातात आणि त्याच दोन तारा फ्रेटला लागून बझ करतात (झणझणतात). इथे तो दाबून पुन्हा १२ इंची रेडियसला (फ्रेटबोर्डच्या गोलाईला) आणलाय. फ्रेटवर पट्टी ठेवून तपासलं तर मेळ बसतो. ब्रिजचे दोन खांब थेट लाकडात फिरवलेले असतात आणि कालांतराने पुढे झुकतात. इथे किंचित झुकाव आहे, इंटोनेशनला (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागण्याला) अडचण नाही. सॅडल (ब्रिजवरचे तारा टेकणारे छोटे तुकडे) अडकवणारी पातळ तार मात्र विशिष्ट सुरांवर झणझणते. ऐकणाऱ्याला वाटतं जवारी बिघडली, आणि माणूस उगाच फ्रेट तपासत बसतो. त्या तारेवर बोट टेकवून पाहा, आवाज थांबला तर चोर सापडला.

ट्रॅपीझमुळे ब्रिजवर तारा कमी कोनात वळतात. ०.०१० इंचाच्या तारांच्या संचावर जोरात पिक मारला तर जाड ई खाचेतून सरकते. ०.०११ ते ०.०४९ चा संच लावला की ब्रिजवर पुरेसा दाब येतो. बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) तार मऊ लागते, पण त्याच सुरापर्यंत पोचायला ती जास्त लांब ओढावी लागते, कारण ब्रिजमागची लांब तारही ताणली जाते. तीच मागची तार तरफांसारखी आपोआप गुंजते. स्वच्छ आवाजात हे गोड लागतं, अँपचा गेन वाढवून आवाज खरखरीत केला की नकोसं होतं, तेव्हा तिथे कापडाची पट्टी गुंफावी. तारा बदलताना एकेक बदला. सगळ्या एकदम काढल्या तर टेलपीस खाली पडून लॅकरवर ओरखडा काढते.

पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) दोन्ही मूळचे, त्यांचा विद्युतरोध ७.५ आणि ७.६ किलोओहम. (तळाच्या स्टिकरवरचा पेटंट क्रमांक २,७३७,८४२ हा पिकअपचा नाहीच, तो लेस पॉल यांच्या टेलपीसचा आहे.) नेक पिकअप गोल आणि मोकळा, टोन ४ वर आणला तरी शब्द स्पष्ट. ब्रिज पिकअपला नाकातला स्वर आहे, व्हॉल्यूम ७ वर आणला की तिखटपणा उतरतो. सगळ्यात देखणी जागा मधली: दोन्ही पिकअप चालू, नेकचा व्हॉल्यूम ६, ब्रिजचा १०. या जागी कुठलाही एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तर सगळाच आवाज बंद होतो. हा बिघाड नाही, जोडणीच तशी आहे.

व्हॉल्यूम आणि टोनच्या चारपैकी एक पॉट (बटणाखालचा फिरता रोधक) बदललेला आहे. ओळखायची खूण पॉटच्या पाठीवर: १३७ ने सुरू होणारा सात आकडी कोड म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे दोन आकडे वर्ष, शेवटचे दोन आठवडा. इथे तिघांवर ६६ आहे. यापुढे एखादा पॉट बाहेर काढावा लागला तर शाफ्टवर पातळ नळी घट्ट बसवूनच आत ढकला आणि एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या भोकातून) बाहेर घ्या. नळीशिवाय गेलेला पॉट पुन्हा भोकाशी आणणं म्हणजे बाटलीत जहाज बांधणं.

चेरी रंग खांद्यापाशी फिका झालाय, लॅकरला बारीक तडे आहेत, दोन्ही तसेच ठेवले ते बरं केलं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळं चमकतं आणि नवा फवारा काळा दिसतो. हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या डोक्याच्या) मागे, ट्रस रॉडच्या (नेकमधल्या लोखंडी सळीच्या) खोबणीजवळ सगळं एकसारखं चमकतंय, म्हणजे तिथली मान मोडून जोडलेली असण्याची शक्यता कमी. खुंट्यांची प्लास्टिकची बटणं मात्र आकसून ठिसूळ झाली आहेत, लवकरच भुगा होईल. फक्त बटणं बदलता येतात, पूर्ण खुंटी टाकू नका.

सेटअप असा मिळाला: नेकचा रिलीफ (हलका बाक) ०.२ मिमी, बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची फ्रेटपासून उंची) जाड बाजूला १.९, पातळ बाजूला १.४ मिमी. एकविसाव्या फ्रेटपर्यंत एक पूर्ण स्वर बेंड केला तरी सूर मरत नाही. अँपसमोर दीड मीटरवर उभं राहून आवाज चढवला की खालचे सूर हळूहळू फुगतात आणि धरून राहतात. सुरावर ताबा ठेवायचा तर अँपकडे गिटारचं तोंड सरळ न ठेवता तिरकं ठेवा. फोम किंवा रबराच्या स्टँडवर ही उभी करू नका, नायट्रो तिथे मऊ पडून चिकटतं.