झुरळं मारायचं जेल, सात महिन्यांनंतर: औषध उत्तम, टोपण भिकार

गेल्या महिन्यात ओट्याखाली दोन बारीक झुरळं दिसली म्हणून जेलची सिरिंज काढली. दट्ट्या दाबला तर काही येईना. जोर लावला तसा तोंडाशी वाळून बसलेला कडक खडा टक्कन उडाला आणि मागचं जेल भसकन सगळ्या हातावर आलं. ३० ग्रॅमच्या सिरिंजमधलं निम्मं औषध असं वाया गेलं. कारण एकच, टोपण घट्ट बसत नाही. बसल्यासारखं वाटतं, पण बोट लावलं की गरगर फिरतं. एका वेळी मटारच्या निम्म्याएवढे दहा-बारा ठिपके लागतात, म्हणजे सिरिंज महिनोन्‌महिने उघडून-झाकून वापरायची वस्तू आहे. तिला असलं टोपण देणं म्हणजे गिऱ्हाईकाला निम्मं औषध फेकायला लावणं. कंपनीला फोटोसकट लिहिलं. ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ एवढंच उत्तर आलं. बारा महिने दमट हवेतल्या घरात कोरडी जागा कुठली आणायची?

राग टोपणावर आहे, औषधावर नाही. माझ्या जेलमध्ये फिप्रोनिल हे कीटकनाशक ०.०५ टक्के आहे. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, फटीत परत जातं आणि तिथे मरतं. बाकीची झुरळं त्याची विष्ठा आणि मढं खातात, तेच विष त्यांच्याही पोटात जातं. फटीबाहेर फारशी न येणारी पिल्लं यातूनच मरतात. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी सुपलीभर मेलेली झुरळं काढली. मात्र जर्मन झुरळाची (स्वयंपाकघरातलं ते बारीक, तपकिरी झुरळ) मादी अंड्यांची कुपी पोटाशी घेऊन फिरते, एका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात आणि त्यांना हे विष लागत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात द्यावाच लागतो. तो चुकवू नका.

तिसऱ्या महिन्यात मी या जेलला शिव्या देणारा अनुभव लिहायला घेतला होता. झुरळं ठिपक्याला वळसा घालून जाताना मी टॉर्च लावून पाहिली. जेलसारख्या आमिषात गोडीसाठी असलेलं ग्लुकोज टाळणारी जर्मन झुरळं असतात, हे १९९३ पासून नोंदलेलं आहे. आपल्या घरात तीच आली, असं मी ठरवून टाकलं. मग आठवलं, त्याच आठवड्यात घाईत मी सिंकखाली फवारा मारला होता. चूक माझी होती. फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड्स ही कीटकनाशकं झुरळांना पळवतात आणि जेलची चव बिघडवतात. सगळं साबणाच्या पाण्याने पुसलं, जुने ठिपके खरवडले, नवे लावले. चार दिवसांत फरक दिसला. जेल असेल तिथे फवारा नको, हे वेष्टनावर मोठ्या अक्षरांत हवं होतं.

जेलआधी झुरळं पकडायची चिकट पाटी वापरली होती. ती कुणीही घरात आणू नये. ट्यूबलाइटमागे राहणारी पाल तिच्यात अडकली. कापसाच्या काडीने खाद्यतेल लावत एकेक बोट सोडवायला अर्धा तास लागला. बोटांखालच्या त्या आडव्या बारीक घड्या तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिल्या. त्यांवरच्या सूक्ष्म केसांच्या जोरावर ती काचेवरही चालते. तिचं पोट भात्यासारखं हलत होतं. शेपूट मात्र पाटीवरच राहिलं. आता नवं आलंय, आखूड आणि पट्ट्यांविना. ही पाल रोज रात्री दिव्याभोवतीचे डास आणि पाखरं टिपते. बदल्यात भिंतीवर पांढऱ्या टोकाच्या चार लेंड्या पुसाव्या लागतात. मला हा सौदा मान्य आहे.

त्यामुळे जेल आणल्यावर मनात पाल चुकचुकलीच: विष खाल्लेलं झुरळ हिने खाल्लं तर? भीती पोकळ नव्हती. वाळवंटी सरड्यांच्या एका जातीला फिप्रोनिल घातक ठरल्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झालाय. म्हणून भिंतीवर, उघड्यावर एकही ठिपका नाही. बिजागऱ्यांत, ड्रॉवरच्या मागे, सिंकच्या पाइपाभोवतीच्या फटीत, एवढंच. मेलेली आणि उताणी पडून पाय झाडणारी झुरळं सकाळी दिसतील तशी उचलते, शिवाय दिवेलागणीआधी परत एक फेरी मारते. सात महिने झाले, पाल तिथेच आहे. गेल्या आठवड्यात पडद्याच्या पेलमेटमागे एकमेकांना चिकटलेली दोन पांढरी अंडी दिसली. ती मी तशीच ठेवली आहेत.

माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने झुरळं पळवतो म्हणणारं अल्ट्रासॉनिक यंत्र सुचवू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांबद्दल ताकीदपत्रं पाठवली होती. तो आवाज कपाटाच्या फळीपलीकडेही जात नाही.

टोपणावरचा उपाय: वापर झाला की तोंडात जाडशी टाचणी खुपसायची, वरून प्लास्टिकचा तुकडा रबराने आवळायचा, आणि सिरिंज मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच कप्प्यात टोक वर करून ठेवायची. तीन आठवडे झाले, खडा धरलेला नाही. तरी हे काम माझं नव्हतं. पाच-पाच ग्रॅमच्या छोट्या सिरिंजमध्ये हेच औषध कुणी विकत असेल तर सांगा, पुढची खरेदी त्याच्याकडूनच.